जुन्या कुंपणाचा कचरा आणि कंत्राटदाराची जबाबदारी: एका कामाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील काम वरवर पाहता अगदी साधे होते. एका जुन्या निवासी भूखंडाच्या तीन बाजूंचे, मिळून 140 मीटर लांबीचे, जीर्ण झालेले कुंपण काढायचे आणि त्याच हद्दीवर नवे उभे करायचे. काम घेणारा कंत्राटदार कुंपण आणि फाटकांचीच कामे करणारा, हाताखाली मोजके मदतनीस असलेला, कामात चोख म्हणून ओळखला जाणारा होता. समोरच्या 30 मीटरवर रंगवलेल्या लाकडी पट्ट्यांचे बुटके कुंपण होते. बाजूच्या 60 मीटरवर गोल लाकडी खांब आणि त्यांवर ठोकलेल्या उभ्या फळ्या होत्या. मागच्या 50 मीटरपैकी 24 मीटरवर नागमोडी सिमेंट पत्रे आणि उरलेल्या भागात लोखंडी अँगलवर ताणलेली जाळी, तिच्या डोक्यावर काटेरी तार. म्हणजे एकाच हद्दीवर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या मालाने, बहुधा वेगवेगळ्या माणसांनी केलेले काम होते, आणि जुन्या हद्दींच्या बाबतीत हेच नेहमीचे चित्र असते.

कंत्राटदाराने दिलेल्या दरपत्रकात नव्या कुंपणाची तपशीलवार कलमे होती. खांबांतील अंतर, पायाची खोली, तारेची जाडी, फाटकाच्या बिजागऱ्या, सगळे नोंदलेले होते. जुन्या कुंपणाविषयी मात्र एकच ओळ होती: ‘जुने कुंपण काढून नेणे’. पुढे जे काही बिघडले त्याचे मूळ माझ्या मते या एका ओळीत आहे. काढणे हे एक काम, नेणे हे दुसरे आणि कुठे नेणे हा तिसरा प्रश्न. या तिन्हींची उत्तरे मालागणिक बदलतात. ती कुंपण उभे असतानाच शोधली नाहीत, तर पुढे ती घाईत, टेम्पो दारात उभा असताना आणि ढीग पायात येत असताना द्यावी लागतात, आणि अशा वेळी दिलेली उत्तरे सहसा बेकायदेशीर असतात, नाहीतर धोकादायक, किंवा दोन्ही असतात.

काम सुरू झाले ते मागच्या बाजूने, कारण तिथे गाडी लागत होती. पत्र्यांचे हुकबोल्ट गंजून धरलेले होते. ते सुटेनात म्हणून एका मदतनीसाने हातोड्याने पत्र्याच्या कडा फोडून पत्रे मोकळे केले. तुकडे जमिनीवर पडले, त्यांवरून ये-जा झाली. त्याच ठिकाणी पुढे जाळीची गुंडाळी, बाजूच्या फळ्या, उपटलेले खांब आणि त्यांच्या बुडाशी चिकटलेले काँक्रीटचे गट्टे येऊन पडत गेले. संध्याकाळपर्यंत सगळे मिळून एकच ढीग झाला होता. पहिली खेप न्यायला आलेला टेम्पोवाला फोनवरून ठरवलेला होता. त्याने माल कुठे टाकणार हे सांगितले नाही, कंत्राटदाराने विचारले नाही, आणि पैसे रोख दिले गेले. पावती कोणीच मागितली नाही.

काही दिवसांनी ती खेप गावाबाहेरच्या एका ओढ्याच्या काठावर पडलेली आढळली. माग काढणे अवघड गेले नाही, कारण समोरच्या कुंपणाची एक पट्टी ढिगात होती आणि तिच्यावर भूखंडाचा क्रमांक रंगवलेला होता. तपास करणारे अधिकारी आधी मालकिणीच्या दारी आले, आणि मालकिणीने दरपत्रक पुढे केले. त्यातली ती एक ओळ आता कंत्राटदाराच्या सहीनिशी पुरावा झाली होती, कारण काढून नेण्याचे काम त्याने स्वीकारल्याचे तीच सांगत होती. टेम्पोवाल्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते, फक्त फोन नंबर होता आणि तो बंद लागत होता. मला सल्ल्यासाठी बोलावले गेले ते यानंतर. त्या वेळी अर्ध्याहून अधिक माल अजून जागेवरच, मिसळलेल्या अवस्थेत पडून होता.

कंत्राटदाराचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता: माल दुसऱ्याच्या गाडीत चढवून पैसे दिल्यावर त्याची जबाबदारी माझी कशी? बऱ्याच व्यावसायिकांचा समज असाच असतो आणि म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कचऱ्याच्या कायद्यांची नावे देशागणिक वेगळी असली तरी त्यांची बांधणी पुष्कळशी सारखी आहे. ज्याच्या कामातून कचरा निर्माण झाला तो, जो वाहून नेतो तो, आणि जो शेवटी स्वीकारतो तो, अशा साखळीतील प्रत्येकावर स्वतंत्र जबाबदारी असते, आणि आधीच्या कडीने पुढच्या कडीची खातरजमा करणे हा त्या जबाबदारीचाच भाग असतो. ब्रिटनमधील 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचे 34 वे कलम याचे स्वच्छ उदाहरण आहे. त्यानुसार कचरा अधिकृत व्यक्तीकडेच सोपवावा लागतो, त्यासोबत त्याचे लेखी वर्णन द्यावे लागते, आणि सामान्य कचऱ्याच्या हस्तांतरणाची चिठ्ठी दोन वर्षे जपून ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये तर बांधकाम आणि पाडकामाचा स्वतःचाच राडारोडा स्वतःच्याच गाडीतून नियमित नेणाऱ्या व्यावसायिकालाही वाहतूकदार म्हणून नोंदणी करावी लागते. ‘माझाच माल, माझीच गाडी’ ही सबब तिथे चालत नाही. घातक कचरा सीमेपलीकडे जाऊ लागला की 1989 चा बाझल करार लागू होतो, आणि त्याच्या मुळाशीही हाच विचार आहे: कचऱ्यासोबत कागद चालला पाहिजे.

दंड किंवा खटल्याच्या भीतीपोटीच हे पाळावे, असे मला वाटत नाही. ज्या ओढ्याच्या काठावर ती खेप पडली त्याचे पाणी खाली कोणी ना कोणी वापरणारच असते. पण व्यवहाराच्या भाषेतही एक गोष्ट पक्की आहे. बाजारभावापेक्षा फारच कमी पैशांत राडारोडा उचलायला तयार होणारा माणूस कचरा डेपोचे शुल्क भरणार नाही, हे गणित कोणालाही मांडता येते, आणि म्हणूनच ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तपास अधिकाऱ्याला पटत नाही.

जागेवरचा ढीग कसा सोडवायचा हा त्यानंतरचा प्रश्न होता, आणि त्यासाठी आधी त्यात काय आहे हे ओळखणे भाग होते. लाकडापासून सुरुवात केली. कुंपणाचे लाकूड जमिनीत राहते, पावसात भिजते, वाळवीच्या तोंडी असते, म्हणून ते टिकवण्यासाठी त्यात रसायने दाबाने भरण्याची पद्धत जगभर रूढ झाली. त्यांतले सर्वाधिक वापरले गेलेले मिश्रण म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे, क्रोमेटेड कॉपर आर्सेनेट, ज्याला व्यवसायात सीसीए म्हणतात. 1933 मध्ये सोंती कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने ते शोधले आणि पुढच्या अर्धशतकात ते विजेच्या खांबांपासून घरामागच्या कुंपणापर्यंत सर्वत्र पोचले. लाकूड टिकवण्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा शोध होता, कारण त्यामुळे असंख्य झाडे पुन्हा पुन्हा तोडावी लागली नाहीत. पण त्यातले आर्सेनिक माणसाला कर्करोग करणारे आहे, आणि म्हणून अमेरिकेत 2003 च्या अखेरीस निवासी वापराच्या बहुतेक लाकडासाठी उत्पादकांनी ते मागे घेतले, युरोपीय संघानेही त्याच सुमारास त्यावर निर्बंध घातले. याचा अर्थ आज जी कुंपणे आयुष्य संपून उतरवली जात आहेत, त्यांतली पुष्कळशी या निर्बंधांच्या आधीची आहेत.

असे लाकूड नवे असताना हिरवट दिसते, पण उन्हापावसात ते करडे पडते आणि साध्या लाकडासारखेच वाटू लागते. या जागेवरच्या फळ्या तशाच करड्या होत्या. एका फळीचे टोक करवतीने पातळ कापून पाहिले तेव्हा कडेने आत काही मिलिमीटरपर्यंत फिकट हिरवा पट्टा आणि मध्ये मूळचा पिवळसर गाभा असे दोन रंग वेगळे दिसले. ही खूण ढोबळ असली तरी उपयोगी आहे. तांबे ओळखणारे एक द्रावण मिळते, पॅन नावाचे, जे मूळचे नारिंगी असून तांबेयुक्त लाकडावर लावल्यास गडद किरमिजी होते. तेही वापरले आणि रंग बदलला. मात्र ही चाचणी फक्त तांबे आहे एवढेच सांगते, आर्सेनिक आहे असे सांगत नाही, कारण नंतरच्या काळातील आर्सेनिकविरहित रसायनांतही तांबे असतेच. म्हणून नमुना प्रयोगशाळेत दिला गेला आणि अहवाल येईपर्यंत सगळ्या फळ्यांना सीसीए समजूनच वागवायचे असे ठरले. अहवालानेही तेच सांगितले. गोल खांबांची गोष्ट वेगळी होती. ते काळपट होते, उन्हात ठेवल्यावर त्यांना डांबरासारखा वास येत होता आणि बुडाशी हात लावला तर चिकट तेलकट डाग पडत होता. ही क्रिओसोटची ओळख आहे. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे हे तेल कर्करोगाच्या दृष्टीने संशयास्पद मानले जाते आणि त्वचेला लागून ऊन पडले तर आग आणि पुरळ येते.

या दोन्ही लाकडांबाबत एक नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो तोही हाच: ती जाळायची नाहीत. उघड्यावर कचरा जाळण्यास बहुतेक ठिकाणी कायद्याने मनाई आहेच, पण इथे प्रश्न धुरापुरता नाही. सीसीए लाकूड जळाले तरी त्यातले धातू जळत नाहीत. आर्सेनिकचा काही भाग धुरासोबत हवेत जातो आणि बाकीचे, तांबे व क्रोमियमसह, राखेत एकवटते. फळीत जे घट्ट बसलेले होते ते राखेत सहज पाण्यात उतरणारे होते. ती राख झाडांच्या मुळाशी घातली, जनावरांनी चाटली किंवा मुलांच्या हाताला लागली, तर विषबाधा होऊ शकते. अशा लाकडाचा भुसा गुरांखाली अंथरणे, त्याचे तुकडे वाफ्यांत आच्छादन म्हणून घालणे, त्याचे खत करणे हेही याच कारणाने वर्ज्य आहे. जुन्या काही कुंपणांवर पेंटाक्लोरोफेनॉल हे लाकूड टिकवणारे रसायन असते, जे 2015 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आले. ते जळताना डायऑक्सिन ही अतिशय विषारी संयुगे तयार होण्याचा धोका असतो. या जागेवर ते आढळले नाही.

हा मुद्दा इथे केवळ पुस्तकी नव्हता, कारण शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी येऊन काही खांब मागितले होते. काही भाजीच्या वेलांना आधार म्हणून आणि मोडके पाणी तापवण्याच्या बंबासाठी. कंत्राटदाराने चांगुलपणाने होकार दिला होता. ते खांब परत आणावे लागले. शेजाऱ्यांना वाईट वाटले, पण कारण समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःच ते गाडीपर्यंत आणून दिले. काढलेला माल फुकट देणे म्हणजे तो कचरा नाही असे सिद्ध होत नाही. ज्याला देतो त्याला तो कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी नाही हे लेखी कळवणे, आणि धोक्याचा माल असल्यास न देणेच बरे. समोरच्या रंगवलेल्या पट्ट्यांनाही हाच विचार लागू झाला. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून पापुद्रे खरवडण्याचा किंवा सॅंडपेपर मारून त्या पुन्हा विकण्याचा विचार सोडून देण्यात आला. त्या पट्ट्या अखंडच, पापुद्रे गळू नयेत म्हणून ताडपत्रीत बांधून, वेगळ्या ठेवल्या गेल्या.

सिमेंट पत्रे हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग होता, आणि मी त्यावर सर्वाधिक वेळ दिला. जुन्या नागमोडी सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू असण्याची दाट शक्यता असते. साधारणतः वजनाच्या 10 ते 15 टक्के, तेही बहुधा क्रिसोटाइल म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस. पत्रा अखंड असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. तो फोडला, करवतला, ग्राइंडरने कापला किंवा कोरड्या झाडूने त्याचा चुरा झाडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत येतात आणि श्वासातून फुफ्फुसात बसतात. त्यांतून होणारे आजार, ॲस्बेस्टॉसिस (फुफ्फुसे ताठरण्याचा आजार), फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग), कित्येक दशकांनी उघड होतात. म्हणूनच आज पत्रा फोडणाऱ्या तरुण मदतनीसाला उद्या काहीच जाणवत नाही, आणि धोका खोटा वाटू लागतो. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला निश्चित कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात ठेवले आहे. अनेक देशांनी त्यावर पूर्ण बंदी घातली, ब्रिटनमध्ये 1999 मध्ये आणि ऑस्ट्रेलियात 2003 च्या अखेरीस. मात्र बंदी नव्या मालावर असते, उभा असलेला जुना पत्रा तिने नाहीसा होत नाही.

इथे तुकडे आधीच पडलेले होते. म्हणून पहिली गोष्ट केली ती त्या भागातले सगळे काम थांबवण्याची आणि भोवती दोरी लावून ये-जा बंद करण्याची. ढिगाचा तो भाग पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ओला करून प्लास्टिकने झाकला. जोराचा पाइप वापरायचा नाही, कारण त्याने चुरा उडतो आणि माती वाहून पसरते. नमुना प्रयोगशाळेत गेला, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू सापडले. त्यानंतरचे काम कंत्राटदाराने स्वतः केले नाही. ॲस्बेस्टॉस काढण्याचा परवाना असलेल्या पथकाला बोलावले गेले. उभे राहिलेले पत्रे त्यांनी ज्या रीतीने उतरवले ते पाहून कंत्राटदाराचे मदतनीस बराच वेळ बोलले नाहीत. पत्रा दोन्ही बाजूंनी ओला केला, गंजलेल्या हुकबोल्टची टोके बोल्टकटरने कापली, दोघांनी पत्रा सरळ उभा उचलला, एकमेकांवर न घासता आडवा ठेवला, जाड पॉलिथिनच्या दोन थरांत गुंडाळून टेपने बंद केला आणि धोक्याची खूण चिकटवली. तुकडे हाताने वेचले, वरची माती पातळ थरात खरडून काढली, तीही पिशव्यांत गेली. अंगावरचे कपडेही शेवटी त्याच कचऱ्यात बंद झाले. घरी नेऊन धुतले नाहीत, कारण कपड्यांसोबत तंतू घरी गेल्याने कामगारांच्या घरच्यांना हे आजार झाल्याची उदाहरणे आहेत.

चोवीस मीटर पत्र्यांचे वजन सहाशे किलोच्या पुढे भरले. पण फोडलेल्या पत्र्यांमुळे जी माती, ज्या फळ्या आणि ज्या जाळीवर चुरा पडला होता तीही घातक कचरा म्हणूनच न्यावी लागली, आणि हे वजन मूळ पत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. मिसळलेल्या ढिगाचा दर्जा त्यातल्या सर्वांत वाईट घटकावरून ठरतो. चांगला माल वाईटाला सौम्य करत नाही, वाईट माल मात्र चांगल्याला निकामी करतो. कंत्राटदाराला सर्वाधिक भुर्दंड पडला तो याच ठिकाणी, आणि तो टाळण्यासाठी खर्च काहीच नव्हता. पत्रे आधी, एकटेच, अखंड उतरवणे एवढेच पुरले असते.

काँक्रीटचा अंदाजही सगळ्यांचा चुकलेला होता, आणि तो का चुकतो हे आकड्यांतून समजते. तीस सेंटिमीटर चौरस आणि साठ सेंटिमीटर खोल असा एक पाया धरला तर त्याचे घनफळ 0.054 घनमीटर, आणि काँक्रीटचा घनमीटर सुमारे 2400 किलोचा असतो, म्हणजे एका पायाचे वजन 130 किलोच्या आसपास. तीन बाजू मिळून सुमारे 70 खांब होते, म्हणजे नुसत्या पायांचेच नऊ टन. वर दिसणारे कुंपण हलके असते म्हणून सगळेच हलके वाटते. त्या मानाने बाजूच्या फळ्या, दोन सेंटिमीटर जाड धरल्या तर, वाळल्यावर जेमतेम एक टन. गाडीच्या वजनमर्यादेचा भंग होतो तो नेहमी या गट्ट्यांमुळे.

स्वच्छ काँक्रीट ही टाकाऊ वस्तू नव्हे. ते दळून खडी म्हणून पुन्हा भरावात वापरता येते आणि दळणकेंद्रे ते आनंदाने घेतात, पण ‘स्वच्छ’ या अटीवर. पहिली गाडी केंद्राच्या फाटकावरून परत आली, कारण गट्ट्यांत खांबांची मोडकी खुंटे अडकलेली होती. लाकडी खांब जमिनीलगत कुजून तुटतो, वरचा भाग हातात येतो आणि क्रिओसोटने भरलेला बुडखा काँक्रीटमध्येच राहतो. तो दळणात गेला तर सगळी खडी खराब होते. मग प्रत्येक गट्टा छिन्नीने चिरून खुंट वेगळा काढला, माती खरवडून, जागेवर न पसरता, वेगळी ठेवली, आणि नंतरच गाडी गेली. काम कंटाळवाणे होते, तरीही मला ते या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे काम वाटते, कारण नऊ टन माल त्यामुळे भरावभूमीत, म्हणजे कचरा गाडण्याच्या जागेत, गेला नाही.

लोखंडाची गोष्ट सोपी होती. अँगल, जाळी, काटेरी तार हे भंगार म्हणून गेले, नोंदणीकृत व्यापाऱ्याकडे, वजनाच्या पावतीसह. ताणलेली तार कापताना ती उसळते, म्हणून आधी ताण सैल करून मग कापायची, एवढी काळजी पुरते. जाळीच्या एका तुकड्यावर हिरव्या पीव्हीसीचा थर होता. तो जाळून तार मोकळी करण्याची सवय अनेकांना असते, पण त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायऑक्सिन तयार होऊ शकते, म्हणून ती जाळी तशीच वेगळी दिली. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, माल गॅस कटरने कापला तर जस्ताची वाफ श्वासात जाऊन ताप भरतो. तिथे कटर वापरलाच नाही, थंड कात्री वापरली.

ओढ्याच्या काठावर पडलेली खेप उचलण्याची जबाबदारी अखेर कंत्राटदाराने स्वतःहून स्वीकारली, आणि माझ्या मते हा त्याने घेतलेला सर्वांत योग्य निर्णय होता. नोटिशीची वाट पाहिली असती तर खर्च तोच झाला असता आणि मध्ये पाऊस पडून माल ओढ्यात गेला असता. त्या खेपेतही पत्र्यांचे तुकडे होते, म्हणून तीही परवानाधारक पथकानेच उचलली. प्रत्येक खेपेला चलन निघाले: मालाचे वर्णन, अंदाजे वजन, कुठून उचलला, तारीख, वाहतूकदाराचा नोंदणी क्रमांक, कुठे पोचणार, आणि दोघांच्या सह्या. पोचल्यावर डेपोच्या वजनकाट्याची पावती त्याला जोडली. वाहतूकदाराचा क्रमांक त्याने दाखवलेल्या कागदावरून न घेता संबंधित कार्यालयाच्या नोंदवहीत तपासला, कारण मुदत संपलेला परवाना खिशात बाळगणारे लोक असतात. हे कागद दोन प्रतींत झाले आणि एक मालकिणीला दिली. तिच्यावर आलेल्या चौकशीचा निकाल लागला तो त्या प्रतींच्या आधारावरच.

मालकिणीची नाराजी मात्र त्याने संपली नाही, आणि तीही बरोबर होती. तिचे म्हणणे असे होते की पत्रे कशाचे आहेत हे मला कळणे शक्य नव्हते, तुम्हाला होते. घरमालकाने माहिती द्यावी ही अपेक्षा योग्य आहे, पण ओळखण्याचे कौशल्य ज्याच्याकडे आहे त्याची जबाबदारी मोठी. वाढीव खर्चाचा बोजा कोणी उचलायचा यावर दोघांत बोलणी झाली. पत्रे उतरवण्याचा जो खर्च नीट केले असते तरी आलाच असता तो तिने दिला, आणि फोडाफोडी व मिसळण्यामुळे वाढलेला सगळा कंत्राटदाराने सोसला. मला ही वाटणी न्याय्य वाटते. कामातला त्याचा नफा त्यात गेला.

त्यानंतर त्याच्या दरपत्रकाचे रूप बदलले. आता तो जागा पाहायला जातो तेव्हा हद्दीच्या प्रत्येक बाजूचा फोटो काढतो, फळी आणि खांब एकेक ठिकाणी कापून पाहतो, पत्रा दिसला की नमुना तपासल्याशिवाय काम सुरू करणार नाही असे लिहून देतो. पायांची संख्या आणि वजन वेगळे मांडतो. लाकूड, काँक्रीट, धातू आणि घातक माल यांची विल्हेवाट चार स्वतंत्र कलमांत येते, प्रत्येकाचे ठिकाण नमूद करून. हद्दीवरचे कुंपण नेमके कोणाच्या मालकीचे आहे आणि शेजाऱ्याची संमती आहे का, हेही तो लेखी घेतो. काही ग्राहक त्याच्याकडून काम काढून स्वस्तात करणाऱ्याला देतात. तो त्याचा आग्रह सोडत नाही, आणि त्याच्या चलनांची फाइल पाहून काम देणारेही भेटू लागले आहेत.

एक गोष्ट अजून चालू आहे. बाजूच्या 60 मीटरवर खांबांभोवतीच्या मातीत वर्षानुवर्षे लाकडातून रसायने झिरपलेली असतात. सीसीएच्या फळ्या जमिनीला टेकलेल्या होत्या तिथे मातीत आर्सेनिक आणि तांबे वाढलेले सापडते, साधारणतः फळ्यांच्या अगदी जवळच्या पट्ट्यात. मालकिणीला त्या बाजूला भाजीचा वाफा करायचा होता. माती तपासायला दिली आहे, आणि अहवाल येईपर्यंत तो पट्टा उकरायचा नाही, तिथली माती दुसरीकडे टाकायची नाही असे दोघांनी ठरवले आहे. नव्या कुंपणाचे खांब त्या बाजूला गॅल्वनाइज्ड लोखंडाचे बसवले असून वाफ्यासाठी समोरची, रस्त्याकडची, रंगाचे पापुद्रे न पडलेली जागा निवडली आहे.